क्लचबाईंचा रेडा

क्लचबाईंच्या मुलाने क्लचबाईंनाच गाडी चालवायला बंदी केली, ही बातमी गल्लीत फिरली तेव्हा लोकांना आधी ती खरीच वाटेना. अर्ध्याअधिक गल्लीला गाडी शिकवली ती या बाईने. उभा जन्म शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "क्लच, अहो क्लच!" असं ओरडण्यात गेला, म्हणून तर हे नाव पडलं, खरं नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. आणि मुलगा म्हणत होता, ते लायसन्सही कपाटात ठेवून दे.

निमित्त काय, तर फाटकाचा खांब. गाडी मागे घेताना मागचा कोपरा खांबाला घासला आणि थोडं प्लॅस्टर निघालं. माणूस नाही, मांजर नाही, खांब. पण मुलगा विमा कंपनीत, अपघाताचे दावे तपासायच्या कामाला. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघणाऱ्या माणसाला आई गाडीत बसलेली दिसली की पुढे काय दिसणार, ते सांगायला नको. तो ओरडला नाही की चिडला नाही. समजुतीच्या सुरात बोलला, आणि बाईंना नेमकं तेच झोंबलं. याच सुरात तो त्याच्या वडिलांशी बोलायचा.

वडिलांची, म्हणजे बाईंच्या नवऱ्याची, शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली. पाय गेले होते, डोकं शाबूत होतं. खुर्चीत बसवून गॅलरीत न्या म्हणाले, तर पडतील. गाडीतून एक चक्कर मारून आणा म्हणाले, तर दगदग होईल. डॉक्टर, मुलगा, सून, सगळे प्रेमाने नाही म्हणत राहिले आणि चांगला हसताबोलता माणूस छताकडे बघत संपला. बाईंचा तो राग अजून निवला नव्हता. त्यामुळे अपंगांच्या केंद्राला चाकाच्या खुर्च्या घेऊन देण्यासाठी जुन्या गाड्यांची रॅली निघणार आहे असं कळल्याबरोबर त्यांनी कुणालाही न विचारता नाव घातलं. गाडी आपली, चालक आपण, सोबतीला नणंद.

मुलाने कपाळाला हात लावला. मग जरा विचार करून त्याने विमा कंपनीला शोभेल अशी अट घातली. रॅली गाडीच्या स्वतःच्या चाकांवर पुरी करायची, आणि गाडीतल्या दोघींखेरीज तिसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. जमलं तर तो गाडीचा विषय जन्मात काढणार नाही. नाही जमलं तर किल्ली त्याच्या हातात आणि बाई कायमच्या मागच्या सीटवर. बाई यावर हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या बॉनेट उघडायला गेल्या.

गाडी जुनी, डिझेलवरची, काळी आणि अवजड. नवऱ्याने तिचं नाव रेडा ठेवलं होतं. सकाळी उठताना कुरकुर, उठला की धूर, आणि एकदा चालायला लागला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने त्याचे इंजेक्टर काढून साफ केले, डिझेलचा फिल्टर बदलला, तडकलेले रबरी पाइप फेकून नवे घातले. बाई रोज त्याच्या डोक्यावर उभ्या असायच्या आणि प्रत्येक नट आवळताना "बघू" म्हणायच्या. शेवटी कंटाळून तो म्हणाला, पत्रा गेलाय पण आतलं सगळं ठणठणीत आहे. आणि म्हणताना तो गाडीपेक्षा बाईंकडेच जास्त बघत होता.

नणंदेला बाई अजूनही वन्सं म्हणायच्या. वन्संनी सारी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली होती. लग्नापासून आजतागायत या दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. रॅलीवर झालं, कारण मुलाने तोच समजुतीचा सूर वन्संपाशीही लावला होता. वन्संनी रेडा आतून-बाहेरून असा पुसला, जणू दुसऱ्या दिवशी त्याचं पोट उघडायचं होतं. स्पिरिटचा वास जाता जाईना. फट दिसेल तिथे कापूस, भोक दिसेल तिथे पांढरी चिकटपट्टी. धूळ हा वन्संचा जन्माचा वैरी.

एक गोष्ट मात्र बाईंनी वन्संनाही सांगितली नव्हती. त्यांची मान वळत नव्हती. डावीकडे जराशी वळे, उजवीकडे त्याहूनही कमी, आणि मागे मुळीच नाही. खांब दिसला नाही तो त्यामुळे. मुलाला हे कळलं असतं तर खेळ तिथेच खलास. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आता मागे जायचंच नाही. रॅली काय, पुढेच जाते.

निघाल्या तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. बाकीच्या गाड्या रंगवलेल्या, फुगे बांधलेल्या, तरुण मुलांनी भरलेल्या. रेड्याला बघून एकाने विचारलं, आजी, ही शर्यतीत आहे की प्रदर्शनात? बाईंनी गिअर टाकला. सपाट रस्ता लागल्यावर त्याला मागे टाकताना वन्संनी काच खाली करून हात हलवला. मुलाचा फोन सारखा येत होता. वन्सं दर वेळी "आम्ही कामात आहोत" एवढंच सांगून फोन ठेवत होत्या आणि त्यांना त्यात भारी मजा येत होती.

घाट सुरू झाला आणि रेड्याची ओढ कमी व्हायला लागली. बाईंनी गिअर खाली आणला, तरी दम लागल्यासारखा हळू हळू होत गेला, दोन गचके दिले आणि ऐन चढावर, वळणाच्या जरा पुढे, मुकाट बंद पडला. बाईंनी स्टार्टर मारला. पुन्हा मारला. पंचवीस वर्षं लोकांना सांगितलं होतं की एकदम जास्त स्टार्टर मारू नये, आणि तेच त्या करत राहिल्या. बॅटरी शेवटी नुसती टक वाजली आणि मग तेही वाजेना.

रॅलीच्या सगळ्यात मागून क्रेन यायची, बंद पडलेल्यांना उचलायला. तिचा ड्रायव्हर बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने क्रेन रेड्याच्या पुढे लावली, अदबीने नमस्कार केला आणि तितक्याच अदबीने हुक खाली सोडायला घेतला. बाई जाऊन रेड्याच्या बंपरवर बसल्या आणि म्हणाल्या, हुक लावायचा तर मला धरून लाव. तो बिचारा हुक हातात धरून उभा राहिला. नियमाप्रमाणे घरच्यांना कळवावं लागतं, एवढं पुटपुटून त्याने बाजूला जाऊन फोन लावला. कुणाला, ते विचारायची गरजच नव्हती.

इंजिनला डिझेल पोचत नाही एवढं बाईंना कळलं होतं. का पोचत नाही, ते टाकीचं झाकण बघितल्यावर कळलं. झाकणावरच्या बारीक भोकावर पांढरी चिकटपट्टी, चारही कडा व्यवस्थित दाबलेली. बाईंनी झाकण फिरवलं तशी टाकीने फुस्स करून हवा आत ओढली. वन्संचा चेहरा पडला. त्या रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसल्या.

"सलाइनच्या बाटलीला वरून हवेची सुई टोचल्याशिवाय खाली थेंब उतरत नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर टोचली मी. आणि इथे मीच बूच मारलं, वहिनी."

एरवी बाईंनी हे वाक्य डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. आत्ता वेळ नव्हता, म्हणून त्यांनी ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं. पट्टी फाडली, बॉनेट उघडलं. डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती, ती काढायला हवी होती. बाई फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिल्या आणि वन्संनी स्क्रू सैल करून बुडबुड्यांवर डोळा ठेवला. सिरिंजमधली हवा काढण्यात आयुष्य गेलेली बाई ती. शेवटचा बुडबुडा जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत त्यांनी "बस" म्हटलं नाही.

आता प्रश्न बॅटरीचा. ती मेलेली, आणि रेडा चढावर, तोंड वर करून. धक्का द्यायला दोन म्हाताऱ्या. उपाय एकच होता आणि तो बाईंनी पूर्वी कितीतरी जणांना शिकवला होता: रिव्हर्स गिअर टाकायचा, क्लच दाबून गाडी उतारावर मागे सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. इंजिन फिरतं. फक्त मागे वळून बघता आलं पाहिजे, नुसत्या आरशावर भागत नाही. मागे वळण होतं, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. क्रेनवाल्याला त्यांनी खाली पाठवून वाहनं थांबवायला सांगितली आणि त्या स्टीअरिंगवर बसल्या. वन्सं शेजारी बसल्या, पण वन्संना चष्मा लावूनही लांबची पाटी वाचता येत नसे.

तेवढ्यात मुलगा आला. त्याने आपली नवी गाडी वळणाखाली लावली, धावत चढला आणि रेड्याच्या मागे दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"आई, पुरे झालं. उतर खाली. अट-बिट गेली खड्ड्यात, हुक लावू दे."

"पुढे ये," बाई म्हणाल्या. "तू मला दिसत नाहीस."

तो खिडकीपाशी आला. त्याचा श्वास लागला होता, शर्ट घामाने चिकटला होता. बाईंना त्याची दया आली आणि तरीही त्या थांबल्या नाहीत.

"मान वळत नाही माझी. खांब घासला तो म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतेय. आता काय करायचं ते कर."

कामावर मुलाला अशी कबुली कुणी कधी आपण होऊन दिली नव्हती. मग त्याने मागचा उतार बघितला, वळण बघितलं, दरी बघितली.

"आणि तू इथून मागे जाणार होतीस? दरीत गेली असतीस म्हणजे?"

"तुझे बाबा कुठे गेले रे? अंथरुणात गेले. दोन वर्षं आपण त्यांना पडू दिलं नाही आणि उठूही दिलं नाही. मला तसंच सांभाळायचं असेल तर आत्ता सांग. मी हँडब्रेक सोडते."

वन्संनी डोळे मिटून घेतले. लहानपणी रडू आवरताना करायचा तशी मुलाने मान खाली घातली. मग त्याने मागचं दार उघडलं, सीटवर उलटा गुडघे टेकून बसला आणि मागच्या काचेला नाक लावलं.

"हळू सोड. मी सांगेन तसंच," तो म्हणाला.

रेडा मागे घरंगळायला लागला. मुलगा डावीकडे म्हणाला आणि बाईंनी विचारलं, तुझं डावं की माझं? उलटं बसलेल्या माणसाचं डावं-उजवं कुणी धरायचं? गाडी तिरकी व्हायला लागली. तेव्हा मुलगा ओरडला, "डोंगराकडे! डोंगराकडे घे!" बाईंनी चाक फिरवलं. "आता जरा दरीकडे. जरा. बस. सरळ." पुढे तो दोनच शब्द बोलत होता, डोंगर आणि दरी, आणि बाई न दिसणाऱ्या रस्त्यावरून त्याच्या आवाजाच्या भरवशावर खाली जात होत्या. असा भरवसा त्यांनी आयुष्यात कुणावर टाकला नव्हता. वेग आल्यावर मुलगा म्हणाला, क्लच. बाई म्हणाल्या, ते मला नको शिकवूस, आणि पाय उचलला. गाडीला असा हिसका बसला की वन्संचा चष्मा मांडीवर आला. काळा धूर आरशात भरला आणि रेडा धडधडायला लागला.

बाईंनी ब्रेक दाबला, पहिला गिअर टाकला आणि चढायला लागल्या. मुलाची गाडी खाली राहिली, क्रेनवाला वळणावरून हात हलवत राहिला.

शेवटच्या मैदानात पोचल्या तेव्हा मांडव उतरवायला घेतला होता. झेंडेवाल्याने गुंडाळलेला झेंडा पुन्हा उलगडून दाखवला. टाळ्या वाजवायला खुर्च्या गोळा करणारी माणसं तेवढी होती; त्यांनी वाजवल्या. इंजिन बंद करायची सोय नव्हती, बॅटरी मेलेली. रेडा धडधडत उभा राहिला. मुलगा उतरून खिडकीशी आला आणि चेहऱ्यावर विमा कंपनी आणून म्हणाला,

"अट मोडली, आई. तिसऱ्याचा हात लागला."

वन्सं म्हणाल्या की हात कुठे लागला, नुसतं तोंड लागलं. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"मोडली," त्या म्हणाल्या. "हरले मी, मान्य. पण किल्ली मिळणार नाही. मागे बघायला मला माणूस लागतो, तेही मान्य. पुढचं माझं मी बघते. तुला बसायचं असेल तर बस, नाहीतर दार लाव नीट, धूळ येते."

मुलाचा एक हात खिडकीच्या काठावर होता आणि तो काठ इंजिनाबरोबर थरथरत होता. बाईंनी हात पुढे केला नाही की नजर काढली नाही. समोर मांडवाचे बांबू आडवे पडलेले, पुढे जायला वाट नव्हती. मैदानातून निघायचं तर मागेच घ्यावं लागणार होतं.

मुलाने मागचं दार उघडलं, सीटवर उलटे गुडघे टेकले आणि म्हणाला, "घे मागे, आई. मोकळं आहे."