दारावरचे दोन कागद

मे महिन्यात आमच्या जिन्याच्या दारावर दोन प्रकारचे कागद लागतात, मेलेल्यांचे आणि रेडिएटरवाल्यांचे. मेलेल्यांच्या कागदावर फोटो असतो आणि खाली जाऊन चाळीस दिवस, सहा महिने, वर्ष झालं असं काहीतरी. दुसऱ्यावर नुसती तारीख आणि वेळ. आमच्याकडे खोली गरम करणाऱ्या प्रत्येक रेडिएटरवर एक छोटं यंत्र बसवलंय. वर्षातून एकदा कोणीतरी येऊन त्यावरचा आकडा टिपून घेतं आणि अख्ख्या इमारतीचं बिल त्या आकड्यांप्रमाणे वाटलं जातं. ज्याचं दार बंद सापडेल, त्याने हिवाळाभर सगळे रेडिएटर फुल्ल ठेवले असं धरतात. मग तुम्ही कितीही बोंबला.

म्हणून बुधवारी साडेचारला खालच्या मजल्यावरच्या वेन्काने जिन्यात सहज विचारलं, तेव्हा मी पायरीवरच थांबले.

"राहिलेल्यांची नोंद आज पाचपर्यंत आहे म्हणे. तुमचं शनिवारीच झालं ना, मावशी?"

शनिवारी मी स्मशानात होते. माझ्या नवऱ्याला, नायदेनला जाऊन वर्ष झालं, म्हणून त्याच्या नावाने उकडलेले गहू वाटत होते. आदल्या दिवशी त्याचा कागद दारावर लावला होता. डोळे भरलेले, चष्मा पर्समध्ये. हाताला जी गुळगुळीत जागा लागली तिथे डिंक फासला आणि त्याला चिकटवलं. खाली कोणता कागद आहे ते पाहिलंच नाही.

मला कोणी सांगितलं कसं नाही, असं मी तिला जरा चिडूनच विचारलं.

"तुम्हीच तर त्यावर लावलात," वेन्का म्हणाली. "म्हटलं, वाचूनच लावलं असेल."

हिवाळाभर मी फक्त स्वयंपाकघरातला रेडिएटर चालू ठेवला होता. नायदेनचे दोन स्वेटर एकावर एक घालून तिथेच जेवले, तिथेच झोपले. तुमच्यामुळे माझं छत बर्फ होतं, माझ्या उबेवर फुकट जगता, असे टोमणे वेन्काने मारले आणि मी ते गिळले. ती खोटं बोलत नव्हती. पण तिन्ही रेडिएटर फुल्ल धरले तर माझं चार महिन्यांचं पेन्शन जाणार होतं. खायचं काय, हा एकच प्रश्न डोक्यात गरगरत होता.

आकडे टिपणाऱ्या मुलीचा फोन नंबर त्याच कागदावर, नायदेनच्या खाली. आमच्या जिन्याचं सगळं बघणारे मानोलदादा दारापाशी ओलं फडकं घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मेलेल्याच्या कागदाला मी हात लावणार नाही, लोझाना," ते म्हणाले. "ऊनपावसाने जाईल तेव्हा जाईल. तू बायको आहेस, तूच काढ."

फडकं मात्र त्यांनी दिलं. मी नखांनी खरवडायला लागले. आधी कॉलर निघाली, मग हनुवटी, मग तोंड. तेव्हा कुठे नंबर दिसला. डोळे तसेच दारावर राहिले.

मुलगी ट्रामच्या थांब्यावर पोचली होती. फोनवर तिने मला चांगलंच झापलं आणि मग येते म्हणाली. ती येईपर्यंत मी दार उघडं धरून उंबऱ्यात उभी राहिले. पाच वाजून गेले. आता ती येत नाही, असं मी धरूनच चालले होते, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

तिने स्वयंपाकघरातला आकडा टिपला. बैठकीच्या खोलीत शून्य. मी सुटकेचा श्वास सोडला. मग ती आतल्या लहान खोलीत गेली, रेडिएटरपाशी वाकली आणि हातातल्या यंत्रात काहीतरी शोधत राहिली.

"इथेही शून्य. मागच्या वर्षीही शून्यच आहे," ती म्हणाली. "ही खोली वापरत नाही वाटतं कधी?"

त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात नायदेन याच खोलीत झोपायचा. खोकत खोकत म्हणायचा, "लोझाना, रेडिएटर जरासा उघड ना." आणि मी त्याच्या अंगावर आणखी एक ब्लँकेट टाकायचे.

"नाही," मी म्हणाले आणि तिने बोट दाखवलं तिथे सही केली.