जाळीपलीकडचं पाणी

मी ट्राउट मासा बोलतोय, स्वीडनमधल्या हेल्शन तलावातला. इथे राहतो खरा, पण याला घर म्हणवत नाही. आमचं कूळ नदीत जन्मणारं, समुद्रात वाढणारं आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतणारं.

मी जन्मलो मात्र पैदास केंद्रातल्या हौदात. तिथे ओळखीची खूण म्हणून पाठीवरचा छोटा मऊ पर कापला. मग टाकी, ट्रक आणि धपकन हा तलाव. काठावर मासेमारी क्लबची माणसं खुशीत उभी होती. "मोठे झाले की गळाला झकास झुंजतील," त्यांचा प्रमुख तूर्बियॉन म्हणाला.

या वसंतात बर्फ वितळला आणि माझं अंग बदललं. ठिपके फिके झाले, खवले चांदीसारखे चमकू लागले. खाण्यात मन लागेना. समुद्र मी कधी पाहिलेला नाही, तरी सगळं शरीर तिकडेच वळतं. तलावातून ओढा निघतो तिथे गेलो, तर क्लबने लोखंडी जाळी बसवलेली. इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिलो. घासून घासून नाक सोललं.

आज तूर्बियॉन जाळीतला पालापाचोळा काढायला आला. सोबत पुतणी आल्फहिल्ड, परदेशात नद्यांचा अभ्यास करून नुकतीच परतलेली. एरवी वाट उघडी पडू नये म्हणून तो आधी दुसरी जाळी खाली सोडतो, मग पहिली उचलतो. आज पहिली काठावर काढून ठेवली आणि दुसरी खोबणीत बसेना. तेवढ्यात कॉफीची वेळ झाली. या गावात कॉफीपुढे कुठलंच काम टिकत नाही.

"एवढ्यात काय होतंय," म्हणत तो दगडावर बसला.

"काका, ज्यांना जायचंय त्यांना कोंडून तुला काय मिळतं?"

"मासे मिळतात. तुला शिकायला पाठवलं होतं, मला शिकवायला नाही."

"बरं, वेलचीचा पाव घे. अजून कॉफी ओतू?"

"तुझा डाव कळतो हो मला," तो म्हणाला. पाण्याकडे एकदा पाहिलं आणि कप पुढे केला.

मी निसटलो. मागून भावंडंही आली.

खाली आणखी बंधारे असतील, कदाचित वीजकेंद्रांची फिरती पातीही. माणसांनो, पाणी अडवाल तिथे आमच्यापुरती एक वाट ठेवा. गळ टाका, आम्ही झुंजू. पण आम्हाला जाऊन येऊ द्या.

समुद्र गाठेन की नाही, ठाऊक नाही. पण आज पहिल्यांदाच पाणी मला सोबत घेऊन चाललंय.