डावी रास

"ताई, तुमची आई बघा ना काय करतेय," वॉर्डातली मावशी नर्सताईच्या कानाशी कुजबुजली.

कारखान्याचं छप्पर कोसळलं होतं. भर दुपारी दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरांची रीघ लागली होती, आणि ताई एकेकाच्या मनगटावर पट्टी बांधत होती. लाल म्हणजे आधी, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, काळी म्हणजे हात जोडा. सकाळीच धाप लागून आलेल्या आईलाही रीघ सुरू होताच तिने पिवळी बांधली होती. खरं तर लालच हवी होती. पण 'आपलंच घोडं पुढे दामटते' असं कुणी म्हणू नये, म्हणून हात कचरला. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

म्हातारीला दिसत नव्हतं. तरी जवळून स्ट्रेचर गेलं की तिचं बोट चादरीवर काहीतरी सारायचं. उजवीकडे, उजवीकडे, मग डावीकडे.

"डावीकडे सारलेला एकही वाचला नाही हो!" मावशीची पाचावर धारण बसली होती.

"आई, काय चाललंय?"

"निवडतेय." म्हातारीचा जन्म कॉफीच्या गोदामात दाणे निवडण्यात गेला होता. "अख्खा दाणा उजवीकडे, फुटका डावीकडे. त्या फुटक्या राशीला साहेब ट्रियाज म्हणायचा. तू घरी येऊन सांगितलंस ना, माझं काम ट्रियाजचं, कुणाला आधी बघायचं ते निवडायचं, तेव्हाच दचकले मी. म्हटलं, हा शब्द लेकीपर्यंत कसा पोचला?"

"डॉक्टर सांगतात, शब्द निवडण्याचाच. आधी लोकर निवडायचे, मग दाणे, मग लढाईतली जखमी माणसं." ताई हसायला गेली, पण जमलं नाही.

"दाणे सोपे गं. त्यांना लेकी नसतात."

एवढ्यात बोट पुन्हा डावीकडे गेलं. स्ट्रेचर कुठलंच नव्हतं.

"आत्ता कुणी गेलं नाही, आई!"

"तू कामाला लाग बघू. माणसं खोळंबलीत."

ताईला त्या बोटाचा अर्थ कळला. हातातल्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यात लाल उरली नव्हती; तो खाटेवरच टाकून ती धावत जाऊन लाल पट्टी घेऊन आली.

पिवळी पट्टी उशीवर नीट घडी करून ठेवलेली होती. मनगटावर त्या गठ्ठ्यातली काळी होती. सगळ्या पट्ट्या एकाच कापडाच्या, हाताला रंग कळायचा नाही. गाठ मात्र पोत्याची होती, म्हातारी गोदामात एका हाताने मारायची ती. हात गार पडला होता.

ती गाठ सोडणं ताईला जमलं नाही. दारात नवं स्ट्रेचर आलं. डोळे पुसून ती पुढे झाली आणि आईसाठी आणलेली लाल पट्टी तिने त्या नव्या जखमीच्या मनगटावर बांधली, पोत्याचीच गाठ मारून.