पारडी बदलून पाहा

तुळशीचं एक पान पारड्यात पडलं आणि पितळेचा तो पुरुषभर उंचीचा तराजू एका बाजूला कलला. पानाचं पारडं खाली, थेट चौथऱ्यावर टेकलं. समोरचं पारडं लाल कापडात बांधलेला कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन वर गेलं. कोठी भागातल्या त्या मंगल कार्यालयात चारशे माणसं तरी असतील. सगळ्यांनी हात जोडले. मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी उठून गठ्ठ्यालाच नमस्कार केला. करायचा होता पानाला, पण इस्टेट दिसली की हात आपोआप तिकडे वळतात.

हिम्मतराव शेठ पाटावर बसले होते. पांढरे कपडे, अनवाणी पाय, डोळे मिटलेले. बोलायचं काम त्यांच्या मुलाकडे, विक्रमकडे होतं.

"बघितलं का?" विक्रम माईकवर म्हणाला. "या गठ्ठ्यात माझ्या वडिलांची जन्माची कमाई आहे. तीन कारखाने, दोन कॉम्प्लेक्स, गावाकडची जमीन. आज सगळं फाउंडेशनला देऊन टाकलं. आता त्यांच्या नावावर सायकलसुद्धा नाही. आणि भगवंत म्हणतो, हिम्मता, तुझ्या इस्टेटीपेक्षा तुझं हे एक पान जड. मग मला सांगा, तुमचा टू-बीएचके तो कितीसा जड असणार?"

लोक हसले. हसता हसता खिशातली पेनं बाहेर आली. प्रत्येकाच्या मांडीवर एक छापील संकल्पपुस्तिका होती. आपलं घर फाउंडेशनला देतो अशी तिच्यावर सही करायची, रांगेने वर जायचं, आपलं पान पारड्यात टाकायचं आणि शेठच्या पाया पडायचं. नियम एकच होता. "दिलेलं पान परत उचलायचं नाही," विक्रमने तीनदा बजावलं. "उचललेलं पान म्हणजे उतरलेलं पुण्य."

तिसऱ्या रांगेत मुकुंदराव बसले होते. शेजारी त्यांची मुलगी स्वाती. मुकुंदरावांची सही घरूनच झाली होती.

चार महिन्यांपूर्वी त्यांची बायको लीलाबाई गेली. मुकुंदरावांना रडू आलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, तिच्या साड्या कपाटातून काढल्या तेव्हाही नाही. जेवण पोटात जायचं, चव कळायची नाही. लोक सांत्वनाला आले की ते पंख्याकडे बघत बसायचे. आपल्या आत कोणीतरी दिवा मालवून, दार ओढून निघून गेलंय, असं त्यांना वाटायचं आणि त्याचंही काही वाटायचं नाही. अशात हिम्मतरावांबद्दल त्यांच्या कानावर आलं. सगळं देऊन टाकल्यावर म्हणे शेठना मोकळं वाटलं. मुकुंदरावांनी विचार केला, आपण हिमायतनगरचं घर देऊन बघू. निदान काहीतरी वाटेल.

त्या घरात स्वाती राहत होती. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला दोन वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत ती दहावीच्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि त्यावर तिचं चालायचं. घर द्यायचं ठरवलंय हे मुकुंदरावांनी सांगितलं तेव्हा ती पोरांच्या वह्या तपासत होती.

"तुमचं घर आहे बाबा," ती म्हणाली होती. "तुम्ही खुशीनं देताय तर मी नक्को कशाला म्हणू? मी दिलसुखनगरला एखादी रूम बघते. फक्त पोरांच्या परीक्षा होऊ द्या."

'खुशीनं' या शब्दाशी मुकुंदराव थोडे अडखळले होते. मग पुन्हा पंख्याकडे बघू लागले.

आता त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, पायऱ्या चढले आणि तराजूसमोर उभे राहिले. आणि तिथे त्यांचे पाय थांबले.

मुकुंदरावांनी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दिलसुखनगरच्या भाजीवाल्यापासून कोठीच्या सुक्या मेव्याच्या दुकानापर्यंत हजारो तराजू त्यांनी तपासले होते. मन मेलं होतं, पण डोळ्यांची सवय मेली नव्हती. पुढच्या माणसाने पान टाकलं तेव्हा त्या डोळ्यांनी टिपलं होतं, तराजू हलला नाही. खरा तराजू चार झोके घेतो, मग थांबतो. जड पारडंसुद्धा थोडं थरथरतं. हे पारडं चौथऱ्याला खिळा मारल्यासारखं बसून होतं.

तराजू तपासायची पहिली रीत खात्यातला शिकाऊ माणूसही जाणतो. इकडचं तिकडे ठेवायचं आणि तिकडचं इकडे. पारडी बदलून पाहायची. लबाडी तराजूत असेल तर ती जागा बदलत नाही.

मुकुंदरावांनी पारड्यातली सगळी पानं ओंजळीत उचलली.

"काका, काका, पान उचलायचं नसतं," विक्रम पुढे आला.

"हौ, ऐकलं मी," मुकुंदराव म्हणाले आणि ती पानं त्यांनी समोरच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली.

आता इस्टेटही त्या बाजूला आणि भक्तीही त्याच बाजूला. या बाजूला काहीच नाही. आणि हे रिकामं पारडं तसंच खाली बसून होतं.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आजीबाई म्हणाल्या, "अगं बाई, आता कशानं जड झालं ते?"

"काका, हा श्रद्धेचा विषय आहे," विक्रमने माईक बाजूला धरून दात आवळले.

"श्रद्धा तुमची असेल. तराजू माझ्या खात्याचा विषय आहे."

मुकुंदरावांनी खिशातून घराची किल्ली काढली. जुन्या कुलपाची ती लोखंडी किल्ली ते घरासोबत द्यायला घेऊन आले होते. चौथऱ्यावरच्या मखमलीवर, पारड्याच्या कडेला, त्यांनी ती टेकवली. किल्ली हातातून ओढली गेली आणि टक्‌कन चिकटली. त्यांनी ओढून पाहिली. निघेना.

"मखमलीखाली विजेवर चालणारं लोहचुंबक आहे," ते म्हणाले. आवाज सपाट होता, तपासणीचा अहवाल वाचावा तसा. "पितळेला चुंबक ओढत नाही, म्हणून पारड्याच्या बुडाला लोखंडी पत्रा लावलेला असणार. पान पडलं की पडद्यामागून कोणीतरी बटण दाबतं. एवढंच आहे."

पडद्यामागचा माणूस घाबरला असावा, कारण त्याने तेवढ्यात बटण बंद केलं. गठ्ठा धप्पकन खाली आदळला, पानं उडाली, किल्ली सुटून मुकुंदरावांच्या हातात आली. चमत्काराचा असा पंचनामा चारशे लोकांनी एकदम पाहिला. कोणी ओरडलं नाही. पेनं मात्र पटापट खिशात परत गेली.

हिम्मतरावांनी डोळे उघडले. "तराजूचं सोडा," ते शांतपणे म्हणाले. "ती युक्ती होती. पण मी इस्टेट दिली हे तर खरं आहे?"

"बाबा," खालून स्वातीचा आवाज आला. ती उभी राहिली होती. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे संकल्पपुस्तिकेची मराठी पानं तिला भरभर वाचता येत नव्हती, म्हणून तिने शेवटचं इंग्रजी पान काढलं होतं. बारीक छपाईचं ते पान इतर कोणी उलटलंच नव्हतं. "इथे फाउंडेशनचे ट्रस्टी लिहिलेत. हिम्मतराव, त्यांच्या मिसेस, विक्रम, विक्रमच्या मिसेस. अध्यक्ष तहहयात हिम्मतराव, त्यांच्यानंतर विक्रम. कारखान्यांचा सगळा निर्णय अध्यक्षांचा. बंगला आणि गाड्या फाउंडेशनच्या, वापर अध्यक्षांचा."

मुकुंदराव हिम्मतरावांकडे वळले. "मग इथेही पारडी बदलून पाहू. काल हे सगळं कोणाच्या हातात होतं?"

हिम्मतरावांनी विक्रमकडे पाहिलं.

"आणि आज?"

"फाउंडेशनचा दवाखाना तरी मी बांधला ना?" हिम्मतराव म्हणाले. "गरिबांना औषध मिळतं तिथे."

"मिळतं. मी पाहिलंय. त्याचं वजन खरं आहे. मग खोटा तराजू कशाला लागला?"

हिम्मतरावांनी आपले अनवाणी पाय पाटावर ओढून घेतले. मग जे बोलले ते मात्र त्या दिवसातलं सगळ्यात सरळ बोलणं होतं. "सरळ मागितलं तर कोणी देत नाही, साहेब. आणि माझं म्हणाल तर, नावावर ठेवलं की कर लागतो, पोरं भांडतात, लोक जळतात. फाउंडेशनला दिलं की कर वाचतो, घर एकत्र राहतं, लोक पाया पडतात. सत्ता आपलीच राहते. शिवाय जरा पुण्यही वाटतं. माझ्यासारखे बरेच जण असंच करतात."

"काही जण खरंही देतात," मुकुंदराव म्हणाले. "ते ओळखायला चमत्कार लागत नाही." मग ते लोकांकडे वळले. "तुम्हाला द्यायचं तर जरूर द्या. पण हात जोडायच्या आधी एवढं विचारा, देणाऱ्याचं कमी काय झालं? हुकूम कोणाचा राहिला? आणि कोणी म्हणालं की दिलेलं उचलून बघू नका, तर ते आधी उचलून बघा."

रिक्षात बसल्यावर स्वाती म्हणाली, "बाबा, तुम्ही आज फार दिवसांनी बोललात."

मुकुंदराव किल्लीकडे बघत होते. एक हिशोब अजून राहिला होता आणि तोही त्याच रीतीने तपासायचा होता. आपण घर देणार होतो, तेव्हा आपलं काय कमी होणार होतं? आपल्याला त्या घरात काही उरलंच नव्हतं. जाणार होतं ते हिचं, हिची पुढची खोली, हिची पोरं, हिची भाकरी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला निघालो होतो आपण, तेही स्वतःला काहीतरी वाटावं म्हणून. हिम्मतरावांना चुंबक तरी लागलं. आपल्याला तेवढंही लागलं नाही.

त्यांना लाज वाटली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी वाटलं होतं.

"स्वाती," ते म्हणाले, "मी खुशीनं देत नव्हतो."

"माहीत होतं," ती म्हणाली.

त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि तिची बोटं मिटवली. "परीक्षा झाल्यावरही त्याच घरात राहा."