सोनेगाव ते बर्डी, पाच थांबे

आपल्याकडे लोक एक वेळ शिवी विसरतील, पण त्यांच्या दारावरून न थांबता गेलेला माणूस विसरणार नाहीत. पोरीचं लग्न जुळवायला जा, तिथं निघतं, "तुमी अमक्या साली आमच्या दारावरून गेलते. चहा नाही घेतला." वाचकहो, हसू नका! अशी यादी तोंडपाठ असलेला एक तरी माणूस तुमच्याही घरात असेल.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे तेजरामजी त्यातलेच. धानाची गिरणी होती, चार लोकांत शब्दाला वजन होतं, आणि कोणाचा मान कुठे राहिला याची त्यांना झोपेतही काळजी. गोष्ट एकोणीसशे अडुसष्टची. त्यांचा मुलगा भोजराज भिलाईच्या कारखान्यात इंजिनियर. दीड वर्ष रशियात शिकून तो परत येत होता. दिल्लीहून विमानाने, सकाळी दहाला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर! घराण्यात कोणी विमान जवळून पाहिलं नव्हतं. तेजरामजी आठ दिवस जमिनीवर चालत नव्हते.

पण त्याच आठ दिवसांत भोजराजची आई, मैनाबाई, नागपुरातच बर्डी नावाच्या गजबजलेल्या भागापलीकडच्या एका दवाखान्यात पडून होती. पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी नेमका तोच दिवस धरला, दुपारी बाराची वेळ. मैनाबाईचं एकच म्हणणं होतं, "माह्या पोराचं तोंड पाहू द्या, मंग खुशाल कापा मले."

"दहा ते बारा, दोन घंटे. पाच मैल रस्ता. पायी निघाला तरी पोहोचते," तेजरामजी म्हणाले. आणि त्या पाच मैलांवर त्यांनी पाच थांबे ठरवले. नागपुरात राहणारी आपल्या भागातली पाच घरं. प्रत्येक दारी टिळा, हार, चहा. एकाकडे थांबावं आणि दुसऱ्याला सोडावं, हे त्यांच्याने कसं व्हावं?

भाड्याची जीप बालाघाटहून पहाटेच निघाली. चालवणारा टिकाराम, बौद्ध मोहल्ल्यातला, वीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेला, बोलायला कमी. पण विमानतळाबाहेर उभं असताना त्याच्याने राहवलं नाही.

"मालक, पह्यले बाईकडं जाऊ. थांबे वापस येताना करू."

"अन् हार सुकतीन त्याचं काय? लोकं सकाळपासून वाट पाहून राह्यले."

"बाईबी वाट पाहून राह्यली."

"टिकाराम, तुले नाही समजत. हा मानाचा मामला हाये."

"समजते मालक," टिकाराम शांतपणे म्हणाला. "दीक्षेच्या टायमाले आमी गावोगावचे लोकं नागपूरले आलतो. किती तरी लोकं चालत. वाटेत लोकं पाण्याचे गडवे घेऊन उभे राहत. उभ्या उभ्या पाणी देत, हात जोडत. चालत्या माणसाले कोणी अडवलं नाही. आमचा मान कमी झाला नाही, त्याहीचा बी नाही."

तेजरामजी गप्प झाले. पटलं म्हणून नाही हो! विमान दिसलं म्हणून.

भोजराज उतरला, वडिलांच्या पाया पडला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "आई काहून नाही आली?"

इथेच सांगायचं होतं. पण शुभ घडीला दवाखान्याचं नाव कसं काढावं, म्हणून तेजरामजींनी वेगळंच सांगितलं. "तिले जरा बरं नाही. बर्डीले मामाकडं आराम करून राह्यली. तिकडंच चाललो."

निघता निघताच अर्धा तास गेला. पहिला थांबा सुखराम ठेकेदाराकडे, विमानतळाजवळच. तिथे आरतीचं ताट तयार होतं, पण कापूर सापडेना. मग दुसऱ्या घरी एक निवृत्त मास्तर रशियातल्या थंडीबद्दल विचारत बसले, आणि भोजराजने उत्तर देण्याआधीच स्वतःच सांगू लागले. भोजराज मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा, पण वडिलांकडे बघून पुन्हा बसायचा. शिकलेली मुलंही आपल्याकडे अशीच, रशिया पाहून आलेली असली तरी!

तिसरा थांबा हिरालालचा. लाकडाची टाल, म्हणजे वखार होती त्याची. अंगणात सतरंजी अंथरलेली, गल्लीतले तीस-पस्तीस लोक जमलेले. हार झाले. "आता चहा घेतल्याबिगर उठायचं नाही," असं हिरालालने बजावलं आणि चुलीवरचं आधण अजून उकळायचं होतं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी.

टिकाराम जीपमधून उतरला. सरळ सतरंजीपर्यंत आला.

"भोजराजभाऊ, उठा. तुमची आई मामाकडं नाही, दवाखान्यात हाये. बारा वाजता तिचं ऑपरेशन हाये. तुमचं तोंड पाहाले थांबली हाये ते."

भोजराज ताडकन उठला. भोजराजच्या गळ्यात तीन हार होते. "बाबूजी, खरं हाये हे?"

"सांगणारच होतो बेटा. एवढे दोन थांबे झाले का..."

पण सर्वांत आधी ओरडला तो हिरालाल! "तेजरामभाऊ, हे मले काहून नाही सांगतलं? माणसाची माय तिकडं पडली अन् मी इथं चहा पाजत बसीन का? मले असा समजले तुमी? उठा ना आता! पळा!"

ज्याचा मान जाईल म्हणून एवढा आटापिटा केला, तोच धक्के देऊन जीपमध्ये बसवत होता. तेजरामजींना तोंड कुठे लपवावं कळेना.

टिकारामने जीप कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. पण अजनीपासून पुढे बाजाराचा दिवस, बैलगाड्या, सायकल-रिक्षा, टांगे. भोंगा वाजवून वाजवून शहर थोडंच बाजूला सरतं? दवाखान्यात पोहोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. भोजराजची बहीण शीला ओसरीत एकटी उभी होती. भावाला पाहताच तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडत खालीच बसली.

"डॉक्टर दहा मिनिटं थांबले, भाऊ. मंग नेलं. पण आईनं..." तिने पदराने डोळे पुसले. "अकरापासून इचारून राह्यलती, इमान आलं का, आलं का. बाबूजीचा निरोप नाही, तुमचा पत्ता नाही. मंग म्हणाली, इमान पडलं, पोरी. तुमी सारे माह्यापासून लपवून राह्यले. मी किती सांगतलं, ऐकलंच नाही. म्हणाली, न्या मले आता, उठली तरी ठीक, नाही उठली तरी ठीक."

तेजरामजी बाकावर बसले ते उठलेच नाहीत. आपण मुलापासून आई लपवली, आणि तिकडे आईला वाटलं की जग तिच्यापासून मुलगा लपवतंय! पत्नी आत टेबलावर होती, जगण्याची इच्छाच टाकून गेलेली. पाच मैलांच्या रस्त्यावर आपण काय करून बसलो, हे त्यांना त्या बाकावर पुरतं उमगलं. चार तास त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही.

मैनाबाई शुद्धीवर आली ती संध्याकाळी. भोजराज उशाशी होता. तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग हात उचलून त्याचा कान चाचपला.

"मी मेली का तू जिता हायेस?"

"जिता हाये, आई. मी आलो."

"मंग इमानाले उशीर झाला होय?"

शीला काही बोलणार, तोच तेजरामजी पुढे आले. इतक्या वर्षांत पत्नीपुढे हात जोडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आज जोडले. "नाही, मैना. इमान टायमावर आलतं. मीच उशीर केला. लोकाइच्या दारी हार घेत बसलो."

मैनाबाई रागावली नाही. तेवढी ताकदच नव्हती. हळू आवाजात एवढंच म्हणाली, "मी जित्या पोराले रडून घेतलं हो. तुमच्या चहापायी."

तेजरामजी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले.

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या दोन्ही घरी ते स्वतः पायी गेले आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. एकानेही राग धरला नाही. एका घरची म्हातारी शेवंताबाई तर उलट त्यांच्यावरच तापली, "आमी का राक्षस हावो?"

बंधुभगिनींनो, लोकांच्या मानापमानाची भीती आपणच मनात वाढवतो आणि तिच्यापुढे घरचं माणूस बळी देतो. ज्यांच्यासाठी देतो, त्यांना विचारतसुद्धा नाही! पाहुण्याचा खरा मान त्याची वाट मोकळी करून देण्यात आहे. आणि घरातलं दुखणं शुभकार्याच्या पडद्याआड कधी लपवू नका. तेजरामजींची मैनाबाई टेबलावरून परत आली. सगळ्यांचीच येत नाही.