पिळाची घसरगुंडी

घसरगुंडी गिऱ्हाइकाच्या पहिल्याच नजरेत भरली, तर धाकट्या जावेला खिडकीजवळचं टेबल मिळणार होतं. हा लाभ ज्याला किरकोळ वाटत असेल, त्याने धाकटीच्या जागेवर एक दिवस बसून दाखवावं. पाठीशी कारखान्यातल्या घासकामाच्या खोलीचं दार, जिथे फायबरच्या घसरगुंड्या घासून गुळगुळीत करत. ते उघडलं की पांढरी भुकटी कीबोर्डवर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं नाक तिच्या स्क्रीनमध्ये. खिडकीपाशी थोरली जाऊ बसे, फोन घेत, उजेड खात. या घरात आधी लग्न होऊन आली, एवढ्याच भांडवलावर.

पैज थोरलीनेच लावली होती. "पहिल्या नजरेत पसंत पडली तर टेबल तुझं. नाही पडली, तर सीझनभर तक्रारींचे फोन तू घ्यायचेस."

"सगळे?"

"रडणारे, ओरडणारे सगळे. मामेसासूबाईंचे तर आधी!"

साक्षीला सासरे, म्हणजे कारखान्याचे आबा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात आरामखुर्ची टाकून ते पेंगत होते. "हं," म्हणाले. साक्ष झाली.

काम तसं सोपं. कॉम्प्युटरवर घसरगुंडीची वाट काढायची, वळणं घेत पाण्यात उतरणारी एक रेघ. तिच्या टोकाशी पन्हळीसारखा अर्धगोल काप उभा करायचा आणि रेघेवरून ओढत न्यायचा. टूथपेस्ट दाबावी तशी घसरगुंडी बाहेर येते. पण धाकटीने चलाखी केली. मागे एका बंगल्याच्या जिन्याला तिने दोरखंडासारखा पिळाचा कठडा करून दिला होता. त्याचीच तयार रेघ उचलली, हवी तशी वाकवली आणि काप ओढला. घसरगुंडी आली निळीशार, झुळझुळीत. धाकटीने ती समोरून पाहिली आणि खूश झाली. मागून पाहायचं राहिलं. खुशीत असलेलं माणूस मागून पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावाच्या मालकीणबाई आल्या. ऐसपैस बाई, त्या हसल्या की खुर्चीही हसायची. धाकटीने ऐटीत मॉडेल गर्रकन फिरवलं, आणि तिथेच घात झाला.

"अगं, हे मधल्या वळणावर काय?" बाईंनी स्क्रीनला बोट लावलं. "इथे पालथी झालीय की! पोरं इथून घसरणार, की गळणार?"

खरंच. पन्हळ हळूहळू कूस बदलत मधल्या वळणावर उपडी पडली होती, आणि पाण्यापाशी पुन्हा शहाण्यासारखी उताणी.

थोरलीचा चेहरा उजळला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगीच?" ती साखरेच्या आवाजात म्हणाली. "फोन तुझ्या टेबलावर नेऊन ठेवते हं."

टोमणा धाकटीला मारला होता, पण लागला भलत्याच जागी. पीळ! कठड्याचा पीळ त्या उसन्या रेघेत मुरून बसला होता. रेघ नवी वळणं शिकली, पण जुनी खोड काही सोडेना.

पीळ काढून टाकला असता तर चूक सुधारली असती, पण तीच घसरगुंडी दुसऱ्यांदा दाखवावी लागून पैज गेलीच असती. धाकटी माऊस धरून थबकली. उपडं-उताणं असतं ते पन्हळीला. अख्ख्या नळीला कुठली पाठ आणि कुठलं पोट? तिने अर्धगोल पुसला, जागी पूर्ण वर्तुळ ठेवलं, त्याला लाल-पिवळे पट्टे दिले आणि त्याच पिळाच्या रेघेवरून ओढलं.

बंद नळी सरसरत खाली उतरली, आणि पट्टे तिच्या अंगाभोवती गिरक्या घेत गेले.

"आतून दाखव," बाई म्हणाल्या. धाकटीने आतून दाखवलं. "अगं बाई! पुन्हा दाखव!" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "हीच! आणि पहिली मी बसणार."

"मावाल ना?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

"नळी मोठी करा, आबा. मी काही लहान होणार नाही!"

सगळे हसले, थोरलीने तेवढा आक्षेप घेतला. "पण ही दुसरी नजर झाली हं."

"छे! आधीची पन्हळ होती. ही नळी मी पहिल्यांदाच पाहतेय."

"आबा, तुम्ही सांगा!"

"हं," आबा म्हणाले.

टेबलाचा ताबा त्याच दुपारी बदलला. ऊन थेट स्क्रीनवर आलं, आणि धाकटीला नळीऐवजी स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. थोरली दारापाशी भुकटीने शिंकत होती, तरी तिने संधी सोडली नाही. "काय बाईसाहेब, उजेड पचत नाही वाटतं?"

"ताई, हसू नका हो. पडदा लागेल."

"मग सरळ सांग की मला. तुला सुई कुठल्या टोकाने धरतात ते तरी माहीत आहे का?"

थोरलीने जाड, गडद पडदा शिवला. तो लावायला आली ती खुर्ची घेऊनच, आणि धाकटीने कीबोर्ड एका बाजूला सरकवला.

हिशेब असा मिटला. मालकीणबाईंना नळी मिळाली, धाकटीला अर्धं टेबल, थोरलीला उरलेलं अर्धं. किंमत मोजली ती आबांनी. पडदा लागला आणि त्यांचं दुपारचं ऊन गेलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तरी ते "हं"च म्हणाले असते.