भेटींचा आकडा कोसळला तेव्हा

मित्रांनो, मी एका वेबसाइटवरचा जुना काउंटर आहे. पानाच्या तळाशी ‘एकूण भेटी’ असे लिहून पुढे आकडा दिसतो ना, तोच मी. दोघी बहिणी मोडक्या बाहुल्या दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानाची ही वेबसाइट. धाकटीने मला तिथे बसवले.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. आकडा भराभर चढे आणि थोरली हातातली सुई ठेवून शेजारच्या न्हाव्याला दाखवून येई, “बघा, जग लोटलंय आमच्याकडे!” मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

दुकानाचा फोन मात्र मुका. शेवटी थोरली दुसरीकडे नोकरी शोधू लागली. एवढी माणसे येतात, मग जातात कुठे? धाकटीने खोलात जाऊन पाहिले आणि माझे बिंग फुटले. मी माणसे मोजतच नव्हतो! एकाने पान उघडले, की त्यावरचा प्रत्येक फोटो मी वेगळी भेट धरी. इंटरनेटवर आपोआप फिरणारे प्रोग्रॅमही त्यातच. आणि थोरली स्वतः उठता-बसता पान उघडी, तेही मी इमानदारीने मोजत होतो.

धाकटीने मला सुधारले. वेगळी माणसे किती, ती काय वाचतात, किती वेळ थांबतात, हे मी सांगू लागलो. आकडा धाडकन कोसळला.

“एवढीच माणसं? बंद करून टाक ते!” थोरलीचे डोळे भरले.

“ताई, हे बघ. ‘बाहुलीचा निखळलेला हात घरी कसा शिवावा’, या पानावर माणसं थांबतात. पहिल्या पानावरून लगेच पळतात.”

“घरीच शिवणार, तर आपल्याला काय उपयोग?”

“आणि नाही जमलं तर? आपला नंबर त्या पानावर आहे कुठे?”

त्याच दुपारी नंबर तिथे लागला. काही दिवसांनी फोन वाजला. एक आजोबा म्हणाले, “तुमचं वाचून शिवलं खरं, पण हात उलटा बसलाय हो!”

“घेऊन या, सरळ करू,” म्हणताना थोरलीला हसू आवरेना. मग असे फोन येतच राहिले. नोकरीचा विषय मागे पडला.

आता मी पानावर मिरवत नाही. चहा पिताना दोघीच मला बघतात. मी लहान आहे, पण खरा आहे, आणि सुखात आहे.

मित्रांनो, मोठ्या आकड्याने हुरळू नका, लहान आकड्याने खचू नका. आधी त्याला विचारा, “बाबा रे, तू नक्की काय मोजलंस?” आम्ही आकडे खोटे बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सगळे सांगतही नाही.